उपज्झायाची पात्रता आणि पालि-अध्यापनाचा अधिकार

इ. स. १९०१ साली कलकत्ता विद्यापीठापुढे एक विलक्षण पेच उभा राहिला. सतीशचंद्र विद्याभूषण हे संस्कृतचे गाढे पंडित पालि विषय घेऊन एम. ए. च्या परीक्षेस बसले. विषय विद्यापीठाने मान्य केला होता, परीक्षार्थीही सिद्ध होता. परंतु त्याच्या उत्तरपत्रिका तपासू शकेल असा अधिकारी पुरुष विद्यापीठास या देशात मिळेना. अखेर त्या लंडन येथे टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांच्याकडे पाठविण्यात आल्या. ज्या भूमीत भगवान बुद्धांनी पंचेचाळीस वर्षे चारिका केली, त्या भूमीत त्यांच्या वचनांच्या भाषेची परीक्षा घेण्यास एकही परीक्षक सापडू नये, यापेक्षा धम्माच्या ऱ्हासाचा वेगळा पुरावा कोणता हवा?

या प्रसंगाची आठवण आम्हास एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे झाली. पालि घेऊन चांगल्या श्रेणीत एम. ए. झालेला आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणारा हा तरुण. नेटच्या परीक्षेत तो दोनदा थोडक्यात मागे राहिला. त्याने आम्हास विचारले, "सर, धर्मानंदांना तर कोणतीच पदवी नव्हती. ते हार्वर्डला गेले, फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. मग आम्हालाच एवढ्या पायऱ्या कशासाठी?" प्रश्न रागातून आलेला होता, तरीही तो टाळण्याजोगा नव्हता. विद्यापीठात शिकविण्याचा अधिकार कोणास असावा आणि तो कोणी ठरवावा, हा प्रश्न विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जन्माच्या फार पूर्वीचा आहे. किंबहुना आपल्या परंपरेत तो प्रथम स्पष्टपणे विचारला गेला तो विनयपिटकात.

महावग्गाच्या पहिल्याच खन्धकात या पात्रतेचा सारा इतिहास आलेला आहे. विनयातील नियम एकदम, आकाशातून पडल्यासारखे आलेले नाहीत. प्रत्येक नियमामागे एक घटना आहे. प्रथम नवदीक्षित भिक्खूंना मार्गदर्शक नव्हता. त्यांचे चालणे, बोलणे, भिक्षा मागणे बेशिस्तीचे होऊ लागले, लोक टीका करू लागले, आणि भगवंतांनी उपज्झायाची अनुज्ञा दिली. उपज्झायाने सद्धिविहारिकास पुत्रवत मानावे, सद्धिविहारिकाने उपज्झायास पितृवत मानावे, असे हे नाते. मात्र उपज्झाय कोण होऊ शकतो याविषयी तोवर नियम नव्हता. पुढे उपसेन वंगन्तपुत्त नावाच्या भिक्खूने स्वतः केवळ एका वर्षावासाचा असताना शिष्यास उपसंपदा दिली आणि स्वतः दोन वर्षांचा व शिष्य एक वर्षाचा असताना दोघे भगवंतांच्या दर्शनास आले. ज्याने अजून दुसऱ्याकडून उपदेश घ्यावयाचा, तो दुसऱ्यास उपदेश देण्यास कसा निघाला, अशा आशयाच्या कठोर शब्दांत भगवंतांनी त्याची कानउघाडणी केली आणि दहा वर्षावास पूर्ण झाल्याशिवाय कोणी उपसंपदा देऊ नये, असा नियम केला.

येथे नियम थांबला असता, तर तो निव्वळ सेवाज्येष्ठतेचा नियम ठरला असता. तसे झाले नाही. आपली दहा वर्षे भरली एवढ्याच बळावर काही अडाणी, अकुशल भिक्खू शिष्य करू लागले. उपज्झाय मूढ आणि शिष्य शहाणा, उपज्झाय अल्पश्रुत आणि शिष्य बहुश्रुत, असे दृश्य दिसू लागले. तेव्हा भगवंतांनी नियमात भर घातली. केवळ दहा वर्षे पुरेशी नाहीत, तो भिक्खू 'व्यत्त' आणि 'पटिबल' असला पाहिजे. म्हणजे जाणता आणि समर्थ. एका बाजूस मोजता येणारी अट, दुसऱ्या बाजूस पारखून घ्यावी लागणारी अट, आणि दोन्ही एकत्र. आजच्या कोणत्याही निवड समितीपुढील मूळ अडचण हीच आहे. वर्षे, गुण, टक्के मोजता येतात. जाणतेपणा मोजता येत नाही.

'व्यत्त' म्हणजे नेमका कोण, हे विनयाने मोघम ठेवलेले नाही. शील, समाधी, प्रज्ञा, विमुक्ती आणि विमुक्तिज्ञानदर्शन हे पाच स्कंध त्याच्या ठायी असावेत आणि दुसऱ्यासही त्यांत प्रस्थापित करण्याचे सामर्थ्य असावे. तो श्रद्धावान, लज्जाशील, पापभीरू, उद्योगी आणि स्मृतिमान असावा. दोन्ही पातिमोक्ख त्यास सविस्तर अवगत असावेत. आपत्ती कोणती आणि तिच्यातून बाहेर कसे पडावे हे त्यास कळावे. याच यादीत आणखी एक पात्रता आहे, आणि आम्हास ती नेहमी थांबवून ठेवते. शिष्य आजारी पडला तर त्याची शुश्रूषा करण्यास किंवा करवून घेण्यास तो समर्थ असावा; शिष्याचे मन उचाट झाले तर ते शांत करता यावे, त्याच्या मनात शंका उठली तर धम्माप्रमाणे ती दूर करता यावी. जगातील कोणत्याही विद्यापीठाच्या नियमावलीत ही अट आम्ही पाहिलेली नाही. आमच्या विद्यार्थिदशेत ती पूर्ण करणारे शिक्षक आम्हास भेटले, न करणारेही भेटले; दोघांच्या पदव्या सारख्याच होत्या.

शिष्याचा काळही ठरलेला होता. जाणत्या आणि समर्थ भिक्खूने पाच वर्षे आचार्याच्या 'निस्सया'त राहावे, अजाणत्याने आयुष्यभर. म्हणजे वय वाढले की आपोआप शिकविण्याचा अधिकार येतो, ही कल्पना विनयास मुळातच मान्य नाही. शिवाय आचार्य चुकीच्या दृष्टीकडे वळला तर त्यास सावरण्याचा प्रयत्न करणे हे शिष्याच्या कर्तव्यांत मोडते. उपज्झायास प्रश्नच विचारायचे नाहीत, अशी ही परंपरा नव्हती.

आता जन्माचा मुद्दा. ब्राह्मणी धर्मशास्त्रात अध्यापन हे ब्राह्मणाच्या षट्कर्मांपैकी एक कर्म आहे. तेथे पात्रता आधी जन्माने ठरते आणि विद्येचा विचार नंतर येतो. विनयाच्या वरील यादीत जन्माचा उल्लेख नाही. हा केवळ कागदावरील उल्लेखाचा अभाव नव्हता, हे उपालीच्या उदाहरणावरून दिसते. उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास आले तेव्हा त्यांनीच भगवंतांना विनंती केली, की आधी उपालीस दीक्षा द्यावी, म्हणजे आम्ही त्यास वंदन करू आणि आमचा शाक्यत्वाचा अभिमान उतरेल. हाच उपाली पुढे विनयधरांत अग्रगण्य ठरला, आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन त्याच्या मुखातून झाले.

चुल्लवग्गात उपालीविषयी आणखी एक प्रसंग आहे. भिक्खू त्याच्याकडे विनय शिकत. शिकणाऱ्यांत पुष्कळ थेर होते. थेरांविषयीच्या आदराने उपाली उभा राहून पाठ देई आणि धम्माविषयीच्या आदराने थेर उभे राहून पाठ घेत. परिणामी दोन्ही पक्ष थकून जात. भगवंतांनी निर्णय दिला, की पाठ देणारा भिक्खू नवा असला तरी त्याने समान किंवा उच्च आसनावर बसावे, आणि पाठ घेणारा थेर असला तरी त्याने समान किंवा खालच्या आसनावर बसावे, आणि हे धम्माच्या गौरवासाठी. एकेकाळच्या न्हाव्यास उच्चासनावर बसविण्याचा हा निर्णय कोणत्याही सवलतीच्या भाषेत दिलेला नाही, हे आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. जो जाणतो तो शिकवितो, एवढेच त्यामागचे कारण होते.

नालंदेविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. तेथील द्वारपंडितांची कथा सर्वश्रुत आहे. ह्युएन त्संगाच्या वृत्तान्तानुसार बाहेरून वादासाठी येणाऱ्या दहांपैकी सात-आठ जण द्वारावरील प्रश्नांनीच माघारी फिरत. त्याच्या चरित्रात असेही म्हटले आहे, की सूत्रे व शास्त्रे यांचे वीस संग्रह स्पष्ट करू शकणारे एक हजार, तीस संग्रह स्पष्ट करू शकणारे पाचशे आणि पन्नास संग्रह स्पष्ट करू शकणारे सुमारे दहा होते. सर्व जाणणारे शीलभद्र मात्र एकटेच. संख्यांत गौरवाचा भाग असेल. तरीही तेथील मान हा स्पष्ट करता येणाऱ्या ग्रंथांवरून ठरत होता, एवढे त्यातून दिसते.

आता धर्मानंदांकडे येऊ. धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील सांखवाळ येथे झाला. बुद्धधम्माच्या ओढीने त्यांनी १८९९ साली घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असा अत्यंत खडतर प्रवास करीत ते सिंहलद्वीपास पोहोचले आणि कोलंबो येथील विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांच्या चरणी बसून पालि शिकले. हे परिवेण १८७३ साली सुमंगल थेरांनीच स्थापिले होते. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी अध्ययन व साधना केली. १९०६ साली ते कलकत्त्यास आले, तेथील राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर विद्यापीठात पालि शिकवू लागले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी दरमहा पन्नास रुपये देऊ केले तेव्हा कलकत्त्याची नोकरी सोडून ते इकडे आले. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स त्यांच्याकडे पालि शिकले, आणि त्या ओळखीतून १९१० साली धर्मानंद अमेरिकेस गेले. हेन्री क्लार्क वॉरन यांनी 'विसुद्धिमग्गा'चे संपादन अर्धवट टाकून १८९९ साली जगाचा निरोप घेतला होता; ते पुरे करण्याचे काम धर्मानंदांकडे आले. ग्रंथावर नाव कोणाचे व कसे असावे यावरून त्यांचा प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाला आणि ते परतले. पदवी नसलेल्या माणसाकडून काम करवून घेण्यास कोणाची हरकत नसते, श्रेय देण्याची वेळ आली की अडचण सुरू होते. ही तक्रार आजही तासिका तत्त्वावरील पुष्कळ तरुण करतात. हार्वर्डच्या मालेत तो ग्रंथ प्रत्यक्ष प्रसिद्ध झाला १९५० साली, धर्मानंदांच्या निधनानंतर तीन वर्षांनी.

१९१२ पासून सुमारे सहा वर्षे त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकविली. मुंबई विद्यापीठात या विषयास स्थान मिळाले यामागे सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा पाठिंबा होता. या सहा वर्षांचे फळ पाहा. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. राजवाडे यांच्यासारखे विद्यार्थी तयार झाले. बापटांनी हार्वर्डची पीएच. डी. मिळविली आणि १९५७ साली दिल्ली विद्यापीठात बौद्ध विद्येचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे ते पहिले प्रमुख झाले. म्हणजे ज्यास पदवी नव्हती त्याचा विद्यार्थी पदवीधर झाला आणि पुढच्या पिढ्यांना पदव्या देऊ लागला. महाराष्ट्रातील पालि-अध्यापनाची परंपरा उलट मोजत गेल्यास ती कोलंबोच्या परिवेणातील एका थेरापाशी जाते, कोणत्याही विद्यापीठापाशी जात नाही. कलकत्त्याचे बेणीमाधव बरुआ १९१७ साली लंडनचे डी. लिट. होऊन आले आणि तेथे हा विषय विद्यापीठाच्या नेहमीच्या चाकोरीत बसला. महाराष्ट्राची वाट निराळी होती.

येथवर वाचून आमचा विद्यार्थी म्हणेल, मग माझे म्हणणे खरेच ठरले. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. धर्मानंदांची विद्वत्ता आणि त्याग यांविषयी आमच्या मनात नितान्त आदर आहे. तथापि हेही नमूद केले पाहिजे, की ते सारस्वत ब्राह्मण कुळात जन्मले होते. भांडारकरांकडे जाण्यास, काशीत संस्कृत शिकण्यास त्यांना जातीची आडकाठी झाली नाही. त्याच काळात दुसरा एक विद्यार्थी मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये होता. त्यास संस्कृत शिकावयाचे होते, परंतु अस्पृश्य म्हणून संस्कृत शिकविण्यास नकार मिळाला आणि त्याने फारसी घेतली. तो विद्यार्थी म्हणजे बाबासाहेब डॉ. आंबेडकर. पदवीवाचून गुणांची पारख होण्यासाठी पारखणाऱ्याच्या दारापर्यंत पोहोचता यावे लागते. ज्यास दारातच अडविले जाते, त्यास छापील प्रमाणपत्राखेरीज कोणते साधन उरते?

बाबासाहेबांनी ती प्रमाणपत्रे किती कष्टाने मिळविली, हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राज्य-अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन दरमहा साडेचारशे रुपये. कोलंबियाची एम. ए. ही पदवी त्यांच्यापाशी होती. वर्गात त्यांची विद्वत्ता लवकरच मान्य झाली, पण प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यास त्यांनी स्पर्श करू नये असे काही सहकाऱ्यांस वाटत होते. पदवीने त्यांना नोकरी मिळवून दिली. भांडे मिळवून दिले नाही. पण पदवी नसती, तर त्या खोलीत ते प्रवेशही करू शकले नसते.

अध्यापकाच्या पात्रतेविषयी बाबासाहेबांनी स्वतंत्र विचारही मांडला आहे. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीस त्यांनी १५ ऑगस्ट १९२४ रोजी लेखी उत्तरे पाठविली. त्यांत पदव्युत्तर व पदवीपूर्व शिक्षणाची फारकत त्यांना अमान्य आहे, कारण तीमुळे अध्यापन आणि संशोधन परस्परांपासून तुटतात. पुढे १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा पहिले प्राचार्य म्हणून त्यांनी अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर या संस्कृतच्या प्रकांड पंडितास आणले. ज्यास संस्कृतचा वर्ग नाकारला गेला, त्याने आपल्या महाविद्यालयाचा प्रमुख निवडताना विद्वत्ता पाहिली. न्हाव्याकडून विनय शिकणाऱ्या थेरांची आठवण आम्हास येथे होते.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा झाला. अध्यापकांच्या किमान पात्रतेसाठी देशव्यापी पात्रता परीक्षा, म्हणजेच नेट, १९८९ मध्ये सुरू झाली, आणि १९ सप्टेंबर १९९१ च्या विनियमांनी ती व्याख्याताच्या नेमणुकीसाठी आवश्यक ठरली. दिल्ली विद्यापीठाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली हे विनियम वैध ठरविले. महाराष्ट्रात त्या तारखेपासून ३ एप्रिल २००० पर्यंत नेमल्या गेलेल्या बिगर नेट-सेट प्राध्यापकांचा प्रश्न कसा चिघळत राहिला आणि २०१३ साली परीक्षांच्या कामावरील बहिष्कारापर्यंत कसा गेला, हे सर्वांस स्मरत असेलच. त्या वादात दोन्ही बाजूंस आपली माणसे होती. म्हणूनच आम्ही त्यावर सरसकट निवाडा देत नाही.

२०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण आणि नेट-सेट किंवा विहित पीएच. डी. अशी अट आली. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांगांस पाच टक्क्यांची सूट. विद्यापीठीय विभागांसाठी पीएच. डी. अनिवार्य करण्याचा निर्णय आधी पुढे ढकलला गेला आणि २०२३ च्या जुलैत मागे घेतला गेला. हे सारे मोजता येणारे भाग झाले. परंतु त्याच विनियमांत असेही म्हटले होते, की शैक्षणिक गुणांकन केवळ मुलाखतीस बोलाविण्यापुरते धरावे आणि निवड मुलाखतीवरच करावी. आमचा आक्षेप येथे आहे. 'व्यत्त' कोण हे बंद खोलीत ठरते आणि राखीव जागेपुढे 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा पडतो. संघात उपसंपदेचा निर्णय ञत्तिचतुत्थ कम्माने होई. प्रस्ताव उघडपणे मांडावयाचा, तीनदा घोषणा करावयाची, ज्यास हरकत असेल त्याने बोलावे, नसेल त्याने मौन राखावे. पारख तेथेही होती, पण सर्वांसमक्ष होती.

पालिसारख्या लहान विभागास आणखी एक धोका होता. आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरावा, असा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आणि २०१८ च्या मार्चमध्ये आयोगाने तसे परिपत्रक काढले. ज्या विभागात एक किंवा दोनच पदे, तेथे राखीव जागेची पाळी कधी यावी? देशभर आंदोलने झाली, आणि २०१९ च्या कायद्याने केंद्रीय शिक्षणसंस्थांत संस्था हाच घटक पुन्हा ठरला.

२०२२ साली आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही नवी व्यवस्था आणली. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञास औपचारिक पदवीवाचून, मर्यादित मुदतीसाठी, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत नेमता येते. हे वाचताना आमच्या मनात उद्योगपती आले नाहीत, ब्रह्मदेशात अभिधम्म शिकून आलेले आमच्या परिचयाचे एक वृद्ध भन्ते आले. एका महाविद्यालयात त्यांचे 'अभिधम्मत्थसंगहा'वरील व्याख्यान ठेवावे असे आम्ही सुचविले, तेव्हा त्यांची शैक्षणिक अर्हता कोणती, असा लेखी प्रश्न आला. व्याख्यान झाले नाही. मराठी आणि पालि या दोन्ही भाषांस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. विहारातील अशा जाणत्यांना विद्यापीठाच्या वर्गात आणण्यासाठी या नव्या व्यवस्थेचा उपयोग करण्याची मागणी आपल्या संस्थांनी आताच करावी. मात्र नियमित पदांसाठी परीक्षेची अट सैल करण्याची मागणी आम्ही करणार नाही. ती सैल झाल्यास प्रथम कोणाच्या ओळखीपाळखी उपयोगी पडतील, हे आमच्या समाजास अनुभवाने ठाऊक आहे.

विद्यार्थ्यास आम्ही हेच सांगितले. त्याचे समाधान झाले असे वाटले नाही. विनयात दहा वर्षे पूर्ण झालेला अडाणी उपज्झाय आहे, तसा दहा वर्षे न झालेला जाणताही असेलच, त्याचे काय, असे त्याने विचारले. आम्ही त्यास महावग्गाचा तो भाग पुन्हा वाचावयास दिला. डिसेंबरच्या परीक्षेचा अर्ज त्याने भरला आहे, आणि तोवर रविवारी सकाळी विहारातील पालिव्याकरणाचा प्रारंभीचा वर्ग तोच घेतो.